एकाच बाणाचे तीन अर्थ : मच्छीमार संस्थेच्या सॉफ्टवेअरमधील आयकॉनचे एक प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरमधील सर्व आयकॉन गेल्या हंगामाच्या मध्यावर नव्याने काढून बसवण्यात आले. आधीची चित्रे निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या माणसांनी काढलेली होती. काही रंगीत होती, काही काळी, काही जाड रेषेची, तर काही पूर्ण भरलेली. नव्या संचात सगळी चित्रे एकाच जाडीच्या रेषेत, एकाच मापाच्या चौकटीत आणि एकाच राखाडी रंगात आली. पडदा नेटका दिसू लागला, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. तरीही त्यानंतर चुकीच्या नोंदी कमी होण्याऐवजी वाढल्या. उचलीची रक्कम जमेत गेली, लिलावाच्या नोंदी गायब झाल्या आणि पैसे खात्यावर पडले असे समजून बँकेत गेलेले नाखवे (नौकांचे मालक) रिकाम्या हातांनी परत येऊन कार्यालयात वाद घालू लागले. संस्थेने तपासणीचे काम आमच्याकडे दिले तेव्हा सचिवांचा प्रश्न सरळ होता: सगळे सारखे केल्यावर गोंधळ वाढतो कसा?

थोडक्यात उत्तर असे की, सारखी झाली ती चित्रे. त्यांचे अर्थ पूर्वीइतकेच विस्कळीत राहिले, आणि चित्रे सारखी झाल्यामुळे तो विस्कळीतपणा झाकला गेला. पुढील मजकूर या उत्तरापर्यंत कसे पोचलो आणि त्यावर काय केले, याविषयी आहे.

संस्थेचा कारभार आणि तीन पडदे

नौका जेटीला लागते, मासळी उतरते, लिलाव होतो, व्यापारी माल उचलतात आणि लिलावाच्या रकमेतून संस्थेचे कमिशन, डिझेल, बर्फ आणि हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या उचलीचा हप्ता वजा करून उरलेली रक्कम नाखव्याच्या खात्यावर जमा होते. त्या रकमेवरून नाखवा पुढे तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) आणि खलाशांच्या वाट्याचा हिशेब करतो. त्यामुळे संस्थेत एखादे बोट चुकीच्या जागी पडले, तर त्याची झळ नौकेवरच्या शेवटच्या माणसाच्या वाट्यापर्यंत पोचते.

या व्यवहारासाठी तीन पडदे वापरात आहेत. एक कार्यालयातल्या काउंटरवरचा संगणक, दुसरा जेटीवर लिलाव नोंदवणाऱ्या कारकुनाच्या हातातला टॅब आणि तिसरा नाखव्यांच्या मोबाइलमधले ॲप. काउंटरचा प्रोग्रॅम सर्वांत जुना, टॅबचा त्यानंतरचा, ॲप अलीकडचे. तिन्ही एकाच कंपनीने पुरवलेले असले तरी ते करणारे गट वेगळे होते, आणि प्रत्येक गटाने आपापल्या पडद्यापुरता विचार करून चित्रे निवडली होती.

मोजदाद

पहिले काम मोजदादीचे होते. तिन्ही पडद्यांच्या प्रत्येक पानाचे चित्र छापून घेतले, त्यातला प्रत्येक आयकॉन कापून कार्डशीटवर चिकटवला आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या: तो कुठे दिसतो, दाबल्यावर काय होते आणि वापरणारा माणूस त्याला काय म्हणतो. हा शेवटचा रकाना सर्वांत कामाचा ठरला. उदाहरणार्थ, काउंटरवर याद्या गाळून पाहण्यासाठी नरसाळ्याचे चित्र होते. सॉफ्टवेअरच्या जगात ते चित्र इतके रुळलेले आहे की, ते बदलावे असे कंपनीला कधी वाटले नव्हते. पण ज्या कार्यालयाच्या दारातच डिझेलचे कॅन आणि नरसाळी ठेवलेली असतात, तिथे नव्याने लागलेल्या कारकुनाने ते ‘डिझेलची पावती’ म्हणून दाबले तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या रकान्यात त्याने तसेच लिहून दिले होते: डिझेल.

भिंतीवर सगळी कार्डशीट लागल्यावर दोषांचे दोन प्रकार स्पष्ट दिसले. पहिल्या प्रकारात एकाच कामासाठी वेगवेगळी चित्रे होती. पावती छापण्यासाठी काउंटरवर छपाईयंत्राचे चित्र, तर टॅबवर कागदाचे. सभासद शोधण्यासाठी एका ठिकाणी भिंग, तर दुसऱ्या ठिकाणी माणसाची आकृती. हा दोष डोळ्यांना खुपतो, पण त्याने नुकसान फारसे होत नाही. माणूस थोडा थबकतो, शोधतो आणि पुढे जातो. दुसऱ्या प्रकारात एकच चित्र वेगवेगळ्या कामांसाठी वापरलेले होते, आणि खरे नुकसान तिथे होते, कारण तिथे माणूस थबकतच नाही. चित्र ओळखीचे असल्यामुळे तो खात्रीने दाबतो आणि चुकतो.

संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या मार्गदर्शक सूचनांत २००८ पासून ‘सातत्यपूर्ण ओळख’ असा ३.२.४ क्रमांकाचा निकष आहे. सारखे काम करणारे घटक सगळ्या पानांवर सारखेच ओळखता आले पाहिजेत, असे तो सांगतो. म्हणजे तो पहिल्या प्रकारच्या दोषाला आवर घालतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र त्याच सूचनांच्या स्पष्टीकरणात सवलत दिसते: बरोबरची खूण एका पानावर ‘मंजूर’ आणि दुसऱ्या पानावर ‘समाविष्ट’ या अर्थाने आली, तर कामे वेगळी असल्याने त्यांचे पर्यायी मजकूरही वेगळे असावेत, एवढेच ते म्हणते. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला त्याने दिलासा मिळतो. पण ज्याला डोळ्यांनी फक्त खूण दिसते त्याच्यापर्यंत तो पर्यायी मजकूर पोचतच नाही. हा निकष पाळला असता तरी संस्थेतले वाद का थांबले नसते, याचे एक कारण हे होते.

फुली आणि बरोबर

लिलावाच्या वेळची जेटी डोळ्यांसमोर आणल्याशिवाय टॅबवरच्या चुका कळत नाहीत. उन्हाने पडदा चकाकत असतो, काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब असतात आणि ओल्या काचेवर बोट जिथे टेकवावे तिथेच उमटेल याची खात्री नसते. सौंदाळ्याच्या पाट्यांची बोली संपते न संपते तोच शेजारच्या ढिगाची सुरू होते. कारकुनाने भाव आणि व्यापाऱ्याचे नाव टिपले की त्याची नजर पुन्हा लिलाव पुकारणाऱ्याकडे जाते. पडद्याकडे बघायला त्याला जेमतेम एक क्षण मिळतो.

या टॅबवर प्रत्येक नोंदीच्या उजव्या टोकाला फुली होती आणि ती दाबली की नोंद पुसली जात असे. काउंटरवर तीच फुली खिडकी बंद करण्यासाठी होती. सकाळी जेटीवर आणि दुपारी काउंटरवर बसणारा कारकून एकच असल्यामुळे, नोंद भरून झाल्यावर ‘आता हे बंद करू’ म्हणून त्याचे बोट फुलीवर जाई. जुन्या टॅबमध्ये पुसण्याची फुली लाल गोलात होती, म्हणून निदान हात आखडत असे. नव्या संचाने तो लाल गोल ‘विसंगत’ ठरवून काढून टाकला. त्या गोलाची शैली विसंगत होती हे खरेच. पण धोक्याची एकमेव सूचना तीच होती.

बरोबरच्या खुणेचे दुखणे याहून अवघड निघाले. टॅबवर तिचा अर्थ ‘लिलाव झाला’, काउंटरवर ‘बिल तपासले’ आणि ॲपमध्ये ‘रक्कम बँकेकडे पाठवली’ असा होता. त्यातच नव्या संचाने अर्धवट रक्कम पाठवली असेल तर एक खूण आणि पूर्ण रक्कम पाठवली असेल तर दोन खुणा, अशी सोय केली होती. नाखव्यांच्या हातात दिवसभर व्हॉट्सॲप असते. तिथे एक खूण म्हणजे निरोप गेला आणि दोन म्हणजे समोरच्याला पोचला. त्यामुळे संस्थेच्या ॲपमध्ये दोन खुणा दिसल्या की, पैसे खात्यावर पोचले असे ते समजत. प्रत्यक्षात रक्कम संस्थेकडून निघालेली असे, पण बँकेत पडायला सुट्टीमुळे किंवा अन्य कारणाने वेळ लागे. बँकेतल्या खिडकीवरून ‘काही आलेले नाही’ असे ऐकून परतलेल्या नाखव्याचा राग संस्थेवर निघे, आणि तो वावगाही म्हणता येत नव्हता. माणूस आपल्या सॉफ्टवेअरबाहेर जे शिकून येतो त्याच्याशीही सुसंगत राहावे लागते. सॉफ्टवेअरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांतील चौथे तत्त्व सुसंगतीबरोबर प्रचलित संकेतांचाही उल्लेख करते तो याचसाठी.

बाण

सर्वांत जास्त वेळ गेला तो बाणांवर. टॅबमध्ये खाली जाणारा बाण ‘मासळी उतरली’ या अर्थाने होता. ॲपमध्ये तो पावती डाउनलोड करण्यासाठी होता. काउंटरवर आणि ॲपच्या खातेपानावर मात्र तिरपे बाण पैशांसाठी होते: वर उजवीकडे जाणारा बाण म्हणजे पैसे गेले, खाली डावीकडे येणारा म्हणजे पैसे आले. पैसे पाठवण्याच्या ॲपांमुळे ही पद्धत आता ओळखीची झाली आहे आणि कंपनीनेही तिथूनच ती उचलली होती.

यातील पेच असा की, गेले आणि आले हे कोणाच्या बाजूने बघायचे ते बाण सांगत नाही. संस्थेने नाखव्याला उचल दिली की काउंटरवर बाण बाहेर जाई, कारण संस्थेची तिजोरी हलकी झाली. त्याच व्यवहाराला नाखव्याच्या ॲपमध्ये बाण आत येई, कारण त्याच्या हातात पैसे आले. दोन्ही गट आपापल्या परीने बरोबर होते. पण उचल हे कर्ज आहे. लिलावाच्या रकमेचा आत येणारा बाण आणि उचलीचा आत येणारा बाण एकाखाली एक दिसल्यावर दोन्ही मिळकत म्हणून मोजली जाणे साहजिक होते. पुढे बिलातून उचलीचा हप्ता कापला गेला की काउंटरवर बाण आत आणि ॲपमध्ये बाण बाहेर. अशा वेळी नाखवा कार्यालयात फोन करी, कारकून स्वतःच्या पडद्याकडे पाहून ‘आत येणारा बाण बघा, तो हप्ता आहे’ असे सांगे आणि नाखव्याला आपल्या मोबाइलवर नेमका तोच बाण लिलावाच्या रकमेसमोर दिसे. दोघेही शुद्धीवर, दोघांपुढे एकच व्यवहार, आणि तरी फोनवर भांडण.

उचल जमेत जाण्याच्या चुका याच जागी जन्मल्या. काउंटरच्या खातेपानावर शब्दांशिवाय दोन बटणे होती. जुन्या संचात एकावर नोटा धरलेला हात आणि दुसऱ्यावर कडी-कुलपाची पेटी होती. चित्रे ओबडधोबड होती, पण हात म्हणजे देणे आणि पेटी म्हणजे घेणे हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. नव्या संचात दोन्हींच्या जागी एकाच जाडीचे, एकाच रंगाचे, फक्त दिशेने वेगळे असलेले बाण आले. चुका करणाऱ्या कारकुनाच्या घरची स्वतःची नौका होती आणि वडिलांचे ॲप तो रोज पाहत असे. ॲपच्या सवयीने तो काउंटरवरचे बाण नाखव्याच्या बाजूने वाचत होता.

चित्रांची शैली एक केली की त्यांच्यातले भेद पुसट होतात, हा अनुभव मोठ्या कंपन्यांनाही आलेला आहे. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांची चिन्हे एकाच चार रंगांच्या पट्ट्यांत बसवली तेव्हा ती एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, अशी तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली. चिन्हांचा संच एका घराण्यातला दिसावा ही अपेक्षा योग्यच आहे. फक्त ती अपेक्षा पूर्ण करताना प्रत्येक चिन्हाची बाह्यरेखा दुसऱ्यापासून किती वेगळी राहते, हे आधी तपासावे लागते. २४ एककांची चौकट आणि २ एककांची रेषा, हे गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचनानियमांतून घेतलेले माप कंपनीने काटेकोर पाळले होते. मापाबद्दल आमची तक्रार नव्हती.

अर्थ कायम आणि रूप वेगळे, असे कसे चालते हे सचिवांना समजावताना बंदरावरच्या बावट्याचा उपयोग झाला. वादळी हवेची सूचना देण्यासाठी भारतीय बंदरांवर १ ते ११ क्रमांकांच्या खुणा ठरलेल्या आहेत. दिवसा त्या शंकू आणि पिंप यांच्या आकारांनी दाखवतात, रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांनी. दिवसाची आणि रात्रीची खूण दिसायला पूर्ण वेगळी, पण तीन नंबरचा बावटा लागला असे म्हटले की रत्नागिरीत आणि वेंगुर्ल्यात त्याचा अर्थ एकच. सचिवांनी लगेच विचारले, मग जुनीच चित्रे ठेवली असती तर काय बिघडले असते? त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर होता. जुन्या चित्रांतही फुलीचे दोन अर्थ होतेच. रंग आणि ओबडधोबडपणा यांमुळे माणसे त्यातून वाट काढत होती, एवढेच.

रंग आणि मासे

बाणांवर उपाय म्हणून कंपनीने आधी लाल आणि हिरवा रंग परत आणण्याचे सुचवले. रंग हा अर्थाचा एकमेव आधार असू नये, हे वरच्याच मार्गदर्शक सूचनांत १.४.१ या निकषात सांगितलेले आहे, कारण लाल-हिरवा भेद न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, सगळीकडे असतात. इथे आणखी एक अडचण होती. दर्यावर लाल आणि हिरवा या रंगांना स्वतःचा ठरलेला अर्थ आहे: नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा. बंदरात शिरताना बोयांचेही (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचेही) तसेच, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा. भारत बोयांच्या ज्या आंतरराष्ट्रीय विभागात येतो तिथला हा नियम आहे. तांडेलासाठी हे रंग बाजू सांगतात, त्यात चांगले-वाईट असे काही नसते. यामुळे कोणी ॲप चुकीचे वाचले असे आम्हाला आढळले नाही. पण लाल म्हणजे तोटा हे सगळ्यांना आपोआप कळतेच, हा कंपनीचा युक्तिवाद मान्य करण्याचेही कारण उरले नाही.

लिलावाच्या टॅबवर मासळीच्या प्रत्येक जातीपुढे तिचे रेषाचित्र होते आणि संचालक मंडळाला ते फार प्रिय होते. पापलेट, म्हाकूल, कोळंबी आणि खेकडा ही चित्रे लहान आकारातही ओळखू येत होती. बांगडा, तारली आणि सुरमई मात्र त्या मापात एकाच माशाची तीन चित्रे वाटत. सुरमईचा लांबोडा बांधा आणि बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा २ एककांच्या रेषेत दाखवायला जागाच नव्हती. ओळखू येणारी चित्रे ठेवावीत आणि बाकीची काढावीत, असा मधला मार्ग एका संचालकांनी सुचवला. तसे केले असते तर यादीत काही ओळींना चित्र आणि काहींना नाही अशी स्थिती झाली असती, आणि चित्र नसलेल्या ओळीत काहीतरी राहून गेले आहे असे कारकुनाला वाटत राहिले असते. शेवटी यादीतून सगळेच मासे निघाले. त्यांच्या जागी नावे ठळक, मोठ्या अक्षरांत आली आणि त्या दिवशी ज्या मासळीचा लिलाव जास्त, तिचे नाव आपोआप वर येऊ लागले. मंडळाच्या समाधानासाठी पापलेटचे चित्र ॲपच्या पहिल्या पानावर राहिले. तिथे ते दाबता येत नाही, त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

बंदीच्या काळातली चाचणी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. नौका शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. चित्रांची चाचणी या दिवसांत घेतली. प्रत्येक चित्र एका कार्डावर, शब्दाशिवाय, पडद्यावर दिसते त्याच मापात छापले होते. कार्ड दाखवायचे, ‘हे दाबलं तर काय होईल?’ एवढेच विचारायचे आणि मिळालेले उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. चित्रचिन्हे लोकांना कळतात का हे तपासण्याच्या पद्धतींसाठी आयएसओ ९१८६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आमची पद्धत त्याच दिशेची, पण पुष्कळच साधी होती.

जाळे शिवत बसलेल्या एका वयस्कर तांडेलांना ट्रकचे कार्ड दाखवले तेव्हा त्यांनी उलट विचारले, “हा ट्रक बर्फ घेऊन येतोय की मासळी घेऊन जातोय, ते आधी सांग.” काउंटरवर ट्रकचा अर्थ माल रवाना असा होता आणि टॅबवर बर्फाची गाडी. ट्रकचे तोंड डावीकडे की उजवीकडे यावरून हा भेद दाखवण्याचा प्रस्ताव त्याआधीच्या बैठकीत गांभीर्याने मांडला गेला होता. तांडेलांचे वाक्य वाचून दाखवल्यावर तो मागे पडला. ट्रक मालासाठी राहिला आणि बर्फाला लादी व तिच्यावर धरलेला चिमटा असे स्वतंत्र चित्र मिळाले.

नोंद साठवण्याच्या बटणावरची फ्लॉपी मात्र टिकली, आणि याचे काही तरुण मंडळींना आश्चर्य वाटले. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली; संस्थेतल्या नव्या कारकुनाने ती वस्तू हातात कधी धरलेली नाही. पण कार्ड दाखवताच त्यानेही क्षणभर न थांबता ‘सेव्ह’ असे उत्तर दिले. ज्या चित्राचा अर्थ सगळ्या वयोगटांना एकच लागतो, ते जुने आहे म्हणून बदलणे हा हौसेचा भाग झाला. टॅबवर नोंद आपोआप साठवली जात असल्याने तिथे फ्लॉपीची गरज नव्हती, म्हणून तिथे ती ठेवली नाही.

केलेले बदल

पैशांचे बाण काउंटर आणि ॲप दोन्हींवरून काढले आणि त्यांच्या जागी ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द आणले. संस्थेच्या रोजकीर्दीत आणि खतावणीत नाखव्याला दिलेली उचल त्याच्या नावे पडते आणि फेडलेला हप्ता जमा होतो. पडदा कोणाच्याही हातात असला तरी हे शब्द बाजू बदलत नाहीत. जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, ही कीर्दीतली मांडणीही तशीच उचलली. सही करण्यापुरते अक्षर येणाऱ्या नाखव्यांनाही हे दोन शब्द पासबुकावरून पाहून माहीत होते. आयकॉनविषयीच्या कामाचा मुख्य निष्कर्ष आयकॉन काढून टाकण्याचा निघावा, हे कंपनीच्या चित्रकाराला रुचले नाही, पण दिशा हा ज्या चित्राचा सगळा अर्थ आहे ते चित्र दोन विरुद्ध बाजूंनी बघणाऱ्यांना देता येत नाही, हे त्याने मान्य केले.

शब्द आणल्यावर लगेच एक अडचण उभी राहिली. पडद्यावरच्या ओळीची उंची रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरवलेली होती, त्यामुळे ‘नावे’ची मात्रा वरून कापली जाऊन तो शब्द स्वस्त मोबाइलवर ‘नाव’ असा दिसे. ओळीची उंची वाढवून आणि अक्षराचे माप थोडे मोठे करून हे सुधारले. बटणाची दाबण्याची जागा सगळीकडे निदान ४८ एकके ठेवली. जेटीवरच्या टॅबवर ती याहूनही मोठी आहे.

फुलीला यापुढे एकच अर्थ, बंद करणे. हिशेबाची नोंद पुसण्याची सोयच काढून टाकली, कारण लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही ती नको होती. चुकलेल्या नोंदीसाठी ‘नोंद रद्द’ असे शब्दांचे बटण आहे. रद्द झालेली नोंद आडवी रेघ मारलेल्या स्थितीत यादीत दिसत राहते. बरोबरची खूण फक्त ‘तपासले’ या अर्थाने उरली. लिलाव झाल्याची खूण म्हणून ओळीची पार्श्वभूमी बदलते, आणि ॲपमध्ये रकमेपुढे ‘संस्थेकडून पाठवली’ किंवा ‘बँकेत जमा’ अशी पूर्ण वाक्ये येतात. नरसाळ्याच्या जागी ‘निवडक दाखवा’ हे शब्द आले.

तांत्रिक बाजूला चित्रे आधी आयकॉन फॉन्टमधून येत होती. असा फॉन्ट युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखीव जागेत चित्रे बसवतो. जेटीवर नेटवर्क क्षीण असताना फॉन्ट उतरला नाही की चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. आता चित्रे एसव्हीजी या रेषाचित्रांच्या स्वरूपात प्रोग्रॅमबरोबरच येतात आणि तिन्ही पडदे ती एकाच संग्रहातून घेतात. त्या संग्रहात चित्राचे नाव त्याच्या आकृतीवरून न ठेवता अर्थावरून ठेवण्याचा नियम केला. ‘खाली-बाण’ असे नाव असले की कोणीही प्रोग्रॅमर त्याला हव्या त्या कामाला जुंपतो. ‘मासळी-उतरली’ असे नाव असले की पावती डाउनलोड करण्यासाठी ते वापरताना त्याचा हात थांबतो. माझ्या मते या सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ बदल हाच होता.

सद्यस्थिती

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा दर्यावर गेल्यानंतर उचल जमेत पडल्याची तक्रार संस्थेकडे आलेली नाही. लिलावाच्या टॅबवर मात्र सुरुवातीला कुरबुर झाली: चुकलेली नोंद पुसता येत नाही आणि रद्द नोंदींनी यादी लांबते, असे कारकुनांचे म्हणणे होते. ते खरे असल्याने रद्द नोंदी यादीच्या तळाशी ढकलण्याची सोय करण्यात आली. काउंटरवरच्या ज्येष्ठ हिशेबनीस बाई अजूनही नोटा धरलेला हात आणि पेटी परत मागतात, आणि ती चित्रे चाचणीत उत्तम उतरली असती यात मला शंका नाही.

पासबुक छापणारा जुना भाग या कामाच्या कक्षेत नव्हता, त्यामुळे छापील पासबुकावर या शब्दांसोबत बाण आजही उमटतात. तो भाग पुढच्या बंदीकाळात हाती घ्यायचे ठरले आहे. चित्रांची यादी आता कंपनीकडे नसून संस्थेच्या सचिवांकडे असते. नवे चित्र हवे असेल तर त्याचा अर्थ आधी यादीत लिहावा लागतो आणि तो अर्थ दुसऱ्या कोणत्या चित्राकडे नाही हे दाखवावे लागते. डिझेल परताव्यासाठी पंपाचे चित्र द्यावे, अशी पहिली मागणी या रीतीने आली. पंप डिझेल खरेदीला आधीच दिलेला असल्याने सचिवांनी ती नाकारली, आणि ॲपमध्ये सध्या तिथे ‘डिझेल परतावा’ एवढे दोन शब्द आहेत.